खांब नेला, पाटी ठेवली

१

शुक्रवारी सकाळी लिंबाच्या फाट्यावरचा बसथांब्याचा खांब चोरीला गेला. पाटी मात्र चोरानं नेली नाही. पाटीचे नटबोल्ट पान्यानं खोलून ती लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली होती. नटबोल्ट हरवू नयेत म्हणून एका खापरीत गोळा केले होते. खांबाचा खड्डा मातीनं बुजवून वरून पायानं दाबला होता.

रुपालीचा फोन आला तेव्हा मी निमोण्यात माझ्या घरी चहा गाळत होतो.

"आबा, तुम्ही याल का? आमचा खांब नेला कुणीतरी. पोरं काठ्या काढायला लागलीत."

"पोलिसांत सांगितलं का?"

"म्हणून तर तुम्हाला फोन केला."

मी शिरूरला पोलीस खात्यात होतो. जमादार म्हणून निवृत्त झालो. आता मला कुणी तपासाला बोलवत नाही, आणि बोलावलं तरी मी जात नाही. पण रुपालीला नाही म्हणणं मला जमलं नसतं. ती पुण्यात नर्सिंग शिकते. माझी बायको रतन पुण्याच्या दवाखान्यात शेवटचे दिवस होती, तेव्हा ही पोरगी तिथं शिकाऊ म्हणून होती. रतनला तिच्या बोलण्यातून आपल्याकडची माणसं भेटायची. ड्युटी संपली तरी ती रतनची वेणी घालायला थांबायची.

मी चहा तसाच ठेवून मोटारसायकल काढली.

खांबाचं महत्त्व आधी सांगतो. आमच्याकडून दौंड लांब नाही. दौंडला गेलं की पुण्याची रेल्वे. पण एसटी दौंडला पोचायची तेव्हा गाडी नुकतीच सुटलेली असायची. पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसून राहायचं. रतनला घेऊन मी किती वेळा तसा बसलो. आम्हाला दोघांना गाडीची नेहमी पाठच दिसायची. "तिचं तोंड कसं असतं हो?" असं रतन विचारायची आणि हसायची.

आता लोकांनी अर्ज-विनंत्या करून एक नवी बस मिळवली होती. निमोणे, मांडवगण फराटा, दौंड. रेल्वेच्या आधी स्टेशनात पोचणारी. सोमवारी एसटीचे एक साहेब त्या बसमधून येणार होते आणि थांबे पक्के करणार होते. त्यांनी आधीच कळवलं होतं, जिथं पाटी उभी असेल आणि माणसं दिसतील तोच थांबा. बाकी ठिकाणी बस थांबणार नाही, नाहीतर रेल्वे चुकेल.

लिंबाचा फाटा दोन गावांच्या मधे आहे. तिथं गाव नाही. एका बाजूला ज्ञानूआप्पांची धनगरवस्ती, दुसऱ्या बाजूला सर्जेराव यांचं शेत आणि घर, ओढ्यापलीकडं भारतचं भंगाराचं शेड. रुपाली वस्तीवरची. आजवर तिचा भाऊ रविराज तिला दौंडला सोडायचा. त्याला रांजणगावच्या कंपनीत पहिली पाळी लागली. सोमवारपासून तिला सोडायला कुणी नव्हतं, आणि वडाप जीप भरल्याशिवाय निघत नाही, तोवर रेल्वे जाते. फाट्यावर बस थांबली नाही तर तिचं शिक्षण थांबणार होतं. हे तिनं मला फोनवर सांगितलं नाही. मला माहीत होतं.

२

फाट्यावर वस्तीची पोरं जमली होती. रविराज सर्वांत पुढं होता. त्याच्या हातात काठी होती आणि नजर सर्जेरावांच्या घराकडं होती.

"दुसरं कोण असणार, आबा? ग्रामसभेत तेच बोलले व्हते. माझ्या बांधावर थांबा नको. लोकं बसत्याल, घाण करत्याल, ऊस मोडून खात्याल. आन् आता बघा."

"तू बघितलंस का त्यांना खांब उपटताना?"

"बघायला कशाला पायजे?"

"मग काठी खाली ठेव. काठीनं खांब उभा राहत नाही."

पोरं हसली. रविराज हसला नाही, पण काठी त्यानं लिंबाला टेकवली.

रुपालीनं मला बाजूला घेतलं. "आबा, नवा खांब आज बी लावता येईल. पण ज्यानं एकदा उपटला तो परत उपटंल. आन् साहेब आल्यावर हितं भांडण दिसलं तर थांबा कायमचा गेला. मला कोण ते कळायला पायजे. का केलं ते बी."

मी खड्डा पाहिला. ओल्या मातीवर पावलं उमटली होती. अनवाणी, मोठ्या माणसाची. खड्डा खांबाच्या मानानं बराच रुंद खणला होता.

"खांब कसा पुरला होता?" मी रविराजला विचारलं.

"मंगळवारी आम्हीच पुरला. खड्डा केला, खांब उभा केला, हितल्या बांधावरचे दगड ठोकून बसवले आन् वरून सिमेंट वतलं. हलवून हालत नव्हता."

"मग सिमेंटचा गोळा कुठं आहे?"

पोरं एकमेकांकडं पाहू लागली. कुणीच त्याचा विचार केला नव्हता. खांबाच्या पायाचा गोळा, दोन माणसांनी कसाबसा उचलावा असा, तोही गेला होता. इथं फोडलेला असता तर तुकडे पडले असते. एक कपचीही नव्हती.

लिंबाच्या मुळांशी, बांधाच्या दगडांत मला एक पांढरी चिंधी सापडली. बोटभर रुंद, हातभर लांब. कोरं कापड होतं, कधी न धुतलेलं. कात्री न लावता हातानं फाडलेलं. एक टोक काहीतरी चावून चावून चिंबलेलं होतं.

"हे कुणाचं?"

मागून कर्रकर्र वहाणांचा आवाज आला. रुपालीचे आजोबा, ज्ञानूआप्पा. घोंगडी खांद्यावर. त्यांच्या वहाणांचा आवाज आधी येतो आणि ते नंतर येतात.

"ती व्हय? आमच्या करडानं चघळली ती. सोमवारी मेंढरं परत नेताना बघितलं. हितं दगडाला कायतरी गुंडाळलेलं व्हतं, ते वढून खात व्हतं. मी हाणलं तवा टाकलं."

"दगडाला गुंडाळलेलं? कसल्या दगडाला?"

"दगडाला दगड, हरिबा. मी काय त्याचं नाव इचारलं न्हाई."

मी चिंधी खिशात घातली. का घातली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. ती कुठंतरी पाहिल्यासारखी वाटत होती. खिशात असताना ती मला टोचत होती.

३

पहिल्यांदा मी ईश्वरकडं गेलो. फाट्यावरून दौंडपर्यंत वडाप जीप चालवणारा तो एकटाच. बस थांबली तर त्याची सकाळची माणसं जाणार. तो जीपखाली झोपून काहीतरी आवळत होता. मला पाहून तो तसाच पाठीवर सरकत बाहेर आला.

"या मामा! मला वाटलंच तुम्ही येणार. चोर म्हणलं की वडापवाला."

"पान्यानं बोल्ट खोललेत, ईश्वर. आणि तुझ्या हातात पाना आहे."

त्यानं पाना पाहिला आणि हसत सुटला. "पाना तर गावात प्रत्येकाच्या मोटरीपाशी हाय. आन् मी काल दुपारपास्नं शिरूरला लग्नाच्या वऱ्हाडात. आत्ता आलो. इचारा नवरदेवाला. बिचारा अजून झोपला नसंल."

"पण बस आली तर तुझं नुकसानच."

"असं बघा मामा." तो चाकावर टेकला. "दौंडपर्यंत माणसं कोंबून न्यायची, पोलीस दिसला की दोघांना उतरवायचं, पुढं जाऊन परत चढवायचं. तुम्ही बी मला पकडलंय एकदा."

"दोनदा."

"दोनदा. तर मी म्हणतो, बस फाट्यावर थांबू दे. आतल्या वस्त्यांवरच्या बाया फाट्यापर्यंत चालत येतात. त्यांना मी फाट्यावर सोडीन, संध्याकाळी बस आली की परत नेईन. जवळची खेप, पोलीस न्हाई, डोक्याला ताप न्हाई. आन् पाटी मोडायची असती तर मी जीप घातली असती तिच्यावर. बोल्ट कशाला मोजत बसलो असतो?"

ते पटण्यासारखं होतं. ज्याला थांबा नको होता, त्यानं पाटीला एवढं जपलं नसतं.

तिथून मी ओढा ओलांडून भारतच्या शेडवर गेलो. जुने पत्रे, सायकली, मोटरींची धुडं. भारत त्यातच खाट टाकून बसला होता.

"लोखंडी खांब आला का तुझ्याकडं?"

"आला असता तर ठेवून घेतला असता, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण मला सांगा जमादार, गोळ्यासकट खांब कोण चोरतं? भंगारवाला आधी सिमेंट फोडतो. सिमेंट आम्ही घेत न्हाई. पहारीचा एक दणका दिला की गोळा सुटतो, मंगळवारचंच सिमेंट, कच्चं. मग खांब खांद्यावर टाकायचा आन् चालायला लागायचं. तो येडा गोळा घेऊन गेला म्हंजी त्याला लोखंड नकोच व्हतं."

"मग काय हवं होतं?"

भारतनं खांदे उडवले. "गोळा."

तो ते चेष्टेत म्हणाला. मी मात्र ओढा ओलांडताना पाण्यात मधेच थांबलो. गोळा. चोरानं खांब नेला नव्हता. त्यानं गोळा नेला होता, आणि खांब त्याला चिकटलेला होता म्हणून बरोबर गेला.

पण सिमेंटच्या गोळ्यात असं काय होतं?

४

सर्जेरावांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मागच्या मोटरीच्या खोलीतून आवाज येत होता. ठक्, ठक्, ठक्. हलका, सावकाश. मी हाक मारली तसा तो थांबला. बऱ्याच वेळानं सर्जेराव आले. डोक्याला टॉवेल, दाढी वाढलेली, पायात काही नाही. फाटक त्यांनी उघडलं नाही. दोन हात लांब उभे राहिले.

"बोला जमादार."

"खांबाचं विचारायला आलो."

"मला काय माहीत? पोरांना सांगा, माझ्या दारात काठ्या घेऊन यायचं न्हाई."

"मोटर बिघडली का? आवाज येत होता."

"व्हय. मोटर."

मी चिंधी काढून दाखवली. "ही फाट्यावर सापडली."

सर्जेरावांचा चेहरा मी बघत होतो. पोलीस खात्यात माणूस चिडला की खोटं बोलतोय असं आम्ही समजायचो. ते चिडले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात पुढं केला आणि मग एकदम मागं घेतला.

"असंल कुणाच्या धोतराचा तुकडा," ते म्हणाले आणि पाठ फिरवून आत गेले.

पाणीसुद्धा विचारलं नाही. फाट्यावर परत आलो तेव्हा रविराज म्हणाला, "बघितलंत? दारात उभं केलं ना तुम्हाला? मस्तवाल माणूस."

"तसं नगं बोलू," ज्ञानूआप्पा मेंढरांकडं बघत म्हणाले. "त्यांच्यात सुतक हाय. म्हातारी गेली ना गेल्या शुक्रवारी. कस्तुराबाई. चांगली बाई व्हती. लेक थांबा नको म्हणायचा, आन् ही हितं लिंबाखाली बसून मला इचारायची, ज्ञानू, बस कवा येणार रं? म्हणायची, मला एकदा दौंडला जाऊन रेल्वेत बसायचंय. लेक म्हणायचा गाडी करून नेतो. ही म्हणायची मला बसनंच जायचंय, चार बायांत बसून."

"दहावा कधी?"

"परवा रविवारी. घाटावर."

रुपाली माझ्याकडं पाहत होती. "आबा, तुम्हाला काय कळलं का?"

"अजून नाही," मी म्हणालो. खरं म्हणजे काहीतरी अगदी ओठावर आलं होतं आणि निघत नव्हतं.

"पोरं उद्याच्याला सर्जेरावांच्या दारात जाणार म्हणत्यात."

"उद्या दुपारपर्यंत धर त्यांना."

"नाही धरवली तर?"

मी मोटारसायकलला किक मारली.

५

शनिवारी सकाळी मी घर झाडत होतो. रतन गेल्यापासून झाडणं माझ्याकडं आहे. परसात, उंबऱ्याबाहेर, जिन्याखालच्या कोनाड्यापाशी आलो आणि झाडू थांबला.

त्या कोनाड्यात मी तिचा जीवखडा ठेवला होता.

ज्यांच्यात दहन करतात त्यांना जीवखडा सांगायला नको. चितेभोवती फिरताना ज्या दगडानं मडक्याला भोक पाडतात तो दगड. त्याच्यात गेलेल्या माणसाचा जीव असतो असं मानतात. दहाव्यापर्यंत तो सांभाळायचा. घरात आणायचा नाही, पण हरवूही द्यायचा नाही. दहाव्याला तो पिंडाशेजारी ठेवून पुजायचा आणि मग नदीत सोडायचा. माझ्या दगडाला भटजींनी कोऱ्या कापडाची पट्टी गुंडाळून दिली होती. ती पट्टी माझ्यासमोर हातानं फाडली होती. त्याला कात्री लावत नाहीत.

त्या दिवसांत मी सारखा उठून कोनाड्यात बघून यायचो. आहे का जागेवर? आहे. परत येऊन बसायचो. दगडाला काय पाय फुटणार होते? पण बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. आणि त्या दिवसांत मीही अनवाणी होतो, कुणाच्या घरी जात नव्हतो, कुणाला शिवत नव्हतो.

मी झाडू तिथंच टाकला.

फाट्यावर पोचलो तेव्हा पोरं निघायच्या बेतात होती. मी रविराजला विचारलं, "खांबाला ठोकायला दगड घेतलेस, त्यात एखादा गुळगुळीत होता का? बाकीच्यांपेक्षा वेगळा?"

"व्हता ना. काळा, नदीतल्यासारखा. लिंबाच्या मुळात ठेवलेला. पाचरीला चांगला बसला म्हणून वरच ठोकला. सिमेंटमधनं त्याची पाठ दिसत बी व्हती. का वो?"

"तुमच्यात माणूस गेला की काय करता?"

"आमच्या वस्तीत जाळत न्हाईत, मातीत पुरत्यात. का?"

म्हणून त्यांना कळलं नाही. त्यांच्या हाताला तो नुसता दगड होता. चिंधी करडानं आधीच काढून टाकली होती.

"सगळे इथंच थांबा," मी म्हणालो. "ज्ञानूआप्पा, तुम्ही चला माझ्याबरोबर. रुपाली, तूही."

सर्जेरावांच्या फाटकाशी तोच आवाज. ठक्, ठक्. या वेळी मी हाक मारली नाही. फाटक उघडून आत गेलो, मोटरीच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो आणि म्हणालो, "दादा, आईचा दगड निघाला का?"

६

ठक् ठक् थांबलं. सर्जेराव दारात आले. हातात छन्नी आणि लहान हातोडी. बोटांना सिमेंट लागलेलं. पाठीमागं जमिनीवर खांब आडवा पडला होता आणि त्याच्या पायाशी तो गोळा, चहूबाजूंनी कुरतडलेला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ज्याला थांबा नको होता त्यानं पाटी जपून ठेवली नसती. ज्याला लोखंड हवं होतं त्यानं सिमेंट तिथंच फोडून टाकलं असतं. आणि नुसता दंगा करायचा असता तर जनावर पडू नये म्हणून खड्डा कुणी बुजवला नसता. तुम्हाला गोळ्यातलं काहीतरी हवं होतं, आणि ते फुटू द्यायचं नव्हतं. तुम्ही अनवाणी होता. ती चिंधी हातानं फाडलेली होती. मी पण दहा दिवस एक दगड सांभाळलाय."

सर्जेराव उंबऱ्यावरच बसले. रुपालीला पाहून त्यांनी टॉवेल चेहऱ्यावर ओढला.

"आई लिंबाखालीच बसायची म्हणून तिथं ठेवला. घरात आणायचा नसतो. मला वाटलं, दहा दिवस तिच्या जागेवर राहील. गुरुवारी बघायला गेलो तर जागेवर न्हाई. आन् खांबाच्या सिमेंटमधनं त्याची पाठ दिसतीय. पुण्याहून भाऊ येणार, भावकी येणार. काय सांगू? आईचा जीव सिमेंटमधी अडकला म्हणून? पहार घालायला हात धजेना, म्हणून कडंनं खणून खांबासकट हातगाडीवर ढकलला आन् घरी आणला. एक घाव चुकला तर दगड फुटंल."

"आम्हाला सांगायचं की वो, मामा," रुपाली म्हणाली. "आम्हीच काढून दिला असता."

"कुठल्या तोंडानं सांगू, पोरी? ग्रामसभेत मीच म्हणलो व्हतो, बांधावर कुणी पाय ठेवायचा न्हाई. त्याच बांधावर तुमच्यापुढं हात जोडू?"

ज्ञानूआप्पांनी घोंगडी खाली ठेवली, वहाणा काढल्या आणि गोळ्यापाशी उकिडवे बसले. "छन्नी आण इकडं. तू ठोकतोस कसा, भाकरी थापल्यावाणी. मी विहिरीचं काम केलंय तरुणपणी. दगडाच्या कडंनं जायचं, दगडावर न्हाई. आन् तू मला शिवू नगंस, लांब बस. पाणी वत नुसतं."

"तुम्हाला चालंल का, आप्पा? सुतकात?"

"म्हातारी मला बसचं इचारायची. तवा सुतक व्हतं का?"

ते काम दुपारपर्यंत चाललं. मधे रविराज आला. आम्हाला उशीर झाला म्हणून काळजीनं आला असेल, नाहीतर भांडायला. त्यानं सगळं ऐकलं. आजोबांच्या हातून छन्नी घेतली आणि स्वतः बसला. दगड बाहेर आला तेव्हा त्याच्या एका बाजूला सिमेंटची साय होती. बाकी काही झालं नव्हतं. रविराजनं तो दोन्ही हातांत धरला आणि सर्जेरावांसमोर जमिनीवर ठेवला.

"मला ठाव नव्हतं," तो म्हणाला.

"मला बी न्हाई," सर्जेराव म्हणाले. "तुम्हाला थांबा किती लागतो ते."

७

रविवारी भीमेच्या घाटावर मी गेलो. फार लोक होते. पिंड ठेवला, जीवखडा शेजारी. सिमेंटची साय तशीच होती. भावानं विचारलं, हे काय लागलंय? सर्जेराव म्हणाले, "मागनं सांगतो."

कावळा येईना. समोरच्या बाभळीवर चांगले पाचसहा बसले होते. खाली उतरत नव्हते. लोक हात जोडून एकेक सांगू लागले. भाऊ म्हणाला, आई, आम्ही दोघं मिळून राहू. सुनेनं सांगितलं, तुमची गाय विकणार नाही. कुणी म्हणालं, नातवाचं लग्न थाटात करू. कावळे बसलेलेच. उन्हं चढली. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

मग सर्जेराव पुढं झाले. मोठ्यानं बोलले नाहीत, पण मी जवळ होतो.

"आई, लिंबाखाली बस थांबंल. खड्डा मी खणतो. खांब मी उभा करतो. बसायला वटा बांधतो, चार बाया बसतील एवढा."

एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

का शिवला ते मला सांगता येणार नाही. भुकेला असेल. माणसं मागं सरकली होती, म्हणून धीर आला असेल. मी पोलीस खात्यात होतो, पुराव्याशिवाय बोलू नये हे मला कळतं. पण घाटावर सगळ्यांनी हात जोडले, तसे मीही जोडले. जीवखडा नदीत सोडला तेव्हा सर्जेराव पाण्यात बराच वेळ उभे होते. मला माहीत आहे, हात रिकामा झाल्यावर तो कुठं ठेवावा हे कळत नाही.

सोमवारी सकाळी मी निमोण्यातूनच बसमध्ये बसलो. मला पुण्यात काही काम नव्हतं. पुढच्या सीटवर साहेब होते, मांडीवर बॅग घेतलेले, शहरातले वाटावेत असे तरुण. फाटा जवळ आला तसं ते वाकून बाहेर पाहू लागले.

"इथं थांबा आहे का?" त्यांनी कंडक्टरला विचारलं. "इथं तर गाव दिसत नाही."

"बघू की साहेब, पाटी असली तर."

पाटी होती. खांब सरळ उभा होता, ओल्या सिमेंटात, चारी बाजूंनी लाकडी टेकू दिलेले. शेजारी सर्जेराव, केस काढलेले, पायात चपला. त्यांनी खांबाला एक हात लावून धरला होता, जसं काही बस गेल्यावर तो परत पळणार होता. लिंबाखाली रुपाली, कॉलेजची पिशवी खांद्याला. ज्ञानूआप्पा. वस्तीच्या दोन पोरी. आणि तेवढ्यात ईश्वरची जीप धुरळा उडवत आली आणि आतून बाया उतरल्या.

"थांबा, थांबा!" ईश्वर ओरडत होता. "माझी अजून दोघं हायत मागं!"

साहेब हसले. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. "हा थांबा कुणाच्या मागणीवरून?"

कंडक्टरनं दारातून ओरडून विचारलं. बाहेर सगळे एकमेकांकडं पाहू लागले. शेवटी सर्जेराव म्हणाले, "कस्तुराबाईच्या. लिहून घ्या, फाटा कस्तुराबाईचा."

रुपाली माझ्याशेजारी येऊन बसली. बस सुटली. मागं वळून पाहिलं तर ज्ञानूआप्पा आणि सर्जेराव दोघंच उरले होते. आप्पा कशावरून तरी त्यांना ओरडत होते, बहुतेक टेकू नीट लावला नाही म्हणून, आणि सर्जेराव मान हलवत होते.

"आबा, पुण्यात कुठं जायचंय तुम्हाला?" रुपालीनं विचारलं.

"दौंडपर्यंतच."

"मग दौंडला काय काम?"

"एक गोष्ट बघायची राहिलीय."

तिनं पुढं विचारलं नाही. तिला माहीत असावं. रतन तिच्याशी पुष्कळ बोलायची.

भीमेचा पूल ओलांडला. दौंड आलं. स्टेशनसमोर बस थांबली आणि बायका पिशव्या सांभाळत फलाटाकडं पळाल्या, सवयीनं. पळायची गरज नव्हती. मी सावकाश चालत गेलो.

गाडी फलाटाला उभी होती. अजून सुटायची होती. मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि तिचं तोंड बघितलं.